निदानाच्या अगोदर

दवाखान्यात आलेल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" या साध्या प्रश्नामागे बरेच काही उभे असते. उजेड असतो, खुर्ची असते, रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायची सोय असते, अडले तर फोन करून विचारता येईल असा वरिष्ठ असतो. रुग्णवाहिकेतून उतरणाऱ्या तंत्रज्ञापाशी यातले काहीच नसते. चाळीचा तिसरा मजला, स्ट्रेचर वळत नाही असा जिना, खोलीत आठ-दहा नातेवाईक आणि त्यातले तिघे एकदम बोलणारे, जमिनीवर निपचित पडलेला साठीचा गृहस्थ. त्यांना नक्की काय झाले आहे ते कदाचित उद्या दुपारी, सीटी स्कॅन झाल्यावर कळेल. तंत्रज्ञाला आत्ता एवढेच ठरवायचे असते, की पुढच्या पाच मिनिटांत हा माणूस कशाने दगावू शकतो, आणि ते इथेच, या खोलीत थांबवता येईल का?

ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या तंत्रज्ञाची सगळी विद्या या प्रश्नातून निघते. ज्या पुस्तकाविषयी हे लिहीत आहे, ते हीच विद्या शिकवते. निदान मागाहून होईल, ते दुसरे कोणी तरी करील. त्याच्या हातात असतो तो क्रम. आधी काय बघायचे, मग काय, आणि एका पायरीवर बिघाड सापडला तर तो सावरल्याशिवाय पुढच्या पायरीकडे जायचे नाही. ऐकायला हे फार सोपे वाटते. आरडाओरडा, रक्त आणि रडारड यांच्या मध्यभागी बसून तो क्रम न मोडणे किती अवघड आहे, हे केल्याशिवाय कळत नाही.

हा क्रम आज ज्या रूपात शिकवला जातो, त्यामागे एका डॉक्टरच्या घरावर कोसळलेले संकट आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यचिकित्सक स्वतःचे छोटे विमान चालवत असताना ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, चारपैकी तीन मुले गंभीर जखमी झाली. रस्त्यावर गाडी थांबवून ते जवळच्या छोट्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांची तयारी पाहून ते हादरले. लोक वाईट नव्हते, पण जखमीला कुठून हात घालायचा याची पद्धतच कोणापाशी नव्हती. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी अभ्यासक्रम बांधला आणि १९७८ मध्ये तो पहिल्यांदा शिकवला गेला. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदूची अवस्था आणि शेवटी कपडे दूर करून सर्वांग तपासणे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ए-बी-सी-डी-ई म्हणतात. जे सर्वांत आधी जीव घेते ते सर्वांत आधी बघायचे, हे त्याचे सूत्र.

हा क्रम कुठल्या शिलालेखावर कोरलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांनंतर असे दिसले, की पाय तुटून धो-धो रक्त जाणाऱ्या माणसाचा श्वासमार्ग तपासत बसलो तर तो तपासणी पुरी होईपर्यंत उरत नाही. म्हणून आता अशा रक्तस्रावाला श्वासाच्याही आधीची जागा मिळाली आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या बाबतीतही २०१० पासून छाती दाबणे आधी आणि श्वास नंतर, असा बदल झाला. जुन्या पुस्तकावर शिकलेल्यांनी हे बदल खुल्या मनाने घ्यावेत.

पण या सगळ्याच्याही आधी एक पायरी आहे, ती म्हणजे स्वतः जिवंत राहणे. विजेची तार अंगावर पडलेल्याला हात लावायच्या आधी प्रवाह बंद झाला आहे ना? द्रुतगती मार्गावर उभी केलेली आपली गाडी मागून येणाऱ्या ट्रकला दिसते आहे ना? २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा हे औषध नुसत्या कातडीतून आणि श्वासातूनही माणसाला लोळवू शकते हे सगळ्यांना दिसले. अशा रुग्णाचे भिजलेले कपडे उतरवून त्याला साबण-पाण्याने धुणे हाच पहिला उपचार आहे, आणि तो हातमोजे घालूनच करायचा असतो. मग दिसतात त्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, तोंडातून गळणारी लाळ, घरघरणारी छाती. त्याला अ‍ॅट्रोपिन देताना बाहुल्या मोठ्या झाल्या की नाही हे बघत बसू नये, छाती कोरडी झाली की नाही हे बघावे, कारण माणूस मरतो तो छातीत साचलेल्या पाण्याने. तपासणीच्या क्रमामागचा विचार औषध मोजतानाही असा उपयोगी पडतो.

श्वासमार्गाबद्दल आपल्याकडे जेवढे गैरसमज आहेत तेवढे दुसऱ्या कशाबद्दल नसतील. बेशुद्ध माणूस दिसला की कोणी तरी पेल्यातून पाणी आणतोच. फिट आली की कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा. दातखीळ उघडायला चमचा. यातले कांदा-चप्पल हास्यास्पद असले तरी निरुपद्रवी आहेत. पाणी आणि चमचा मात्र जीव घेऊ शकतात. उताण्या झोपलेल्या बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद करते, त्यात पाणी किंवा उलटी फुफ्फुसात गेली की झालेच. श्वास चालू असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवणे एवढ्या एका कृतीने जितके जीव वाचत असतील तितके कित्येक महागड्या यंत्रांनीही वाचत नसतील, असे माझे मत आहे. ते मोजून दाखवता येणार नाही, पण या क्षेत्रातल्या कोणालाही विचारा.

श्वासाचा वेग मोजणे ही दुसरी उपेक्षित गोष्ट. कोविडनंतर ऑक्सिमीटर घरोघरी आला आणि बोटाला चिमटा लावला की तपासणी झाली, असा समज पसरला. मिनिटाला ३४ वेळा श्वास घेणारा माणूस ऑक्सिमीटरवर ९६ दाखवू शकतो, कारण तो आकडा टिकवण्यासाठीच त्याचे शरीर एवढे झगडत असते. थोड्या वेळाने दमून तो हार मानतो आणि मग आकडा कोसळतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडलेल्याच्या बोटावर तर हे यंत्र चक्क खोटे बोलते, रक्तात प्राणवायू नसतानाही भरपूर आहे असे सांगते. दम्याच्या रुग्णाच्या छातीतली शिट्टी ऐकू येईनाशी झाली, की नातेवाईकांना वाटते बरे वाटू लागले. तंत्रज्ञाला तिथे घाम फुटायला हवा, कारण शिट्टी वाजायलाही थोडी हवा आत-बाहेर जावी लागते. सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि अर्धा मिनिट उघड्या छातीकडे बघण्याचा धीर, एवढी साधने इथे पुरतात.

बीपीचेही तसेच. धडधाकट तरुण आपल्या रक्ताचा जवळपास तिसरा हिस्सा गमावेपर्यंत बीपी टिकवून धरू शकतो. दहीहंडीच्या थरावरून पडलेला गोविंदा "मला काही झालं नाही" म्हणून उठून बसतो, बीपी १२० दाखवते, आणि पोटात प्लीहा फुटलेली असते. त्याची नाडी १३० आहे, तळहात गार आणि ओले आहेत, तो उगाचच चिडचिड करतो आहे, या तीन गोष्टी ज्याने टिपल्या त्याने आजार पकडला, मग प्लीहेचे नाव त्याला माहीत असो वा नसो. पोटात दुखून चक्कर आलेल्या विवाहित तरुणीचे, आणि अविवाहित तरुणीचेही, हेच. गर्भनलिकेत राहिलेला आणि फुटलेला गर्भ बीपी मशीनवर उशिरा दिसतो.

"पिऊन पडलाय" या दोन शब्दांनी किती माणसे गेली असतील, देव जाणे. शुगर खाली गेलेला मधुमेही दारुड्यासारखाच बरळतो, झोकांड्या खातो, अंगावर धावून येतो. कधी कधी त्याची एक बाजू लुळी पडते आणि सगळ्यांना अर्धांगवायूच वाटतो. बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासायला मिनिटही लागत नाही. बेशुद्धी, बरळणे, फिट, लकवा यांतले काहीही दिसले की शुगर बघायचीच, दारूचा वास येत असला तरी बघायची. वास येणाऱ्याच्या डोक्यालाही मार लागलेला असतो, आणि त्याचीही शुगर उतरते.

आपल्या मातीतला सगळ्यांत मोठा शिक्षक म्हणजे मण्यार. जमिनीवर झोपलेल्याला ती रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, दातांच्या खुणाही बहुधा सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, आणि घरचे म्हणतात रात्रीचे बाधले. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान सावरत नाही, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्याच्या दिवसांत पहाटे पोटदुखीने उठलेल्या माणसाला "वर बघा, पापण्या उचला" असे सांगणे, ही सवय ज्या तंत्रज्ञाला लागली त्याने या पुस्तकाची किंमत वसूल केली. श्वास थांबला तरी मास्क आणि पिशवीने तो देत राहिले, तर हा माणूस वाचतो. या अवस्थेत त्याच्या बाहुल्या हलत नाहीत, हात-पाय हलत नाहीत, बघणाऱ्याला तो गेल्यासारखाच वाटतो. प्रत्यक्षात तो आतून पूर्ण जागा असू शकतो, आपल्याविषयी काय बोलले जाते आहे ते ऐकत असतो. म्हणून पिशवी दाबणारा हात रुग्णालय येईपर्यंत थांबवायचा नसतो, आणि गाडीत तोंडही सांभाळायचे असते.

सर्पदंशावर करकचून बांधलेली दोरी विष अडवत नाही, पाय मात्र काळा पाडते. अंग स्थिर ठेवून, फळी बांधून, लवकर हलवणे एवढेच हवे. पण कोणी आधीच दोरी बांधली असेल तर ती गाडीत खटकन सोडायचीही नाही, प्रतिविष हाताशी असेल तिथे सोडायची. याउलट हार्वेस्टरमध्ये पाय अडकून धमनी तुटली असेल तर तसाच पट्टा करकचून बांधणे हा एकमेव उपाय ठरतो, आणि तो कितीला बांधला हे लिहून ठेवावे लागते. कृती एकच, रुग्ण वेगळा. पाठ केलेल्या यादीवर विसंबणाऱ्याची इथे फसगत होते.

कोकणातल्या लाल विंचवाची कथा तर साऱ्या जगाने वाचली आहे. महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र जागून पाहिले. उलटी, भरमसाट घाम, गार पडलेले हात-पाय, तोंडाला सुटलेली लाळ, मुलग्यांमध्ये ताठरलेले लिंग ही पुढे येणाऱ्या संकटाची चाहूल आहे आणि हृदयावर ताण येऊन फुफ्फुसात पाणी भरल्याने माणूस जातो, हे त्यांनी टिपले. त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने त्यांनी मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. तंत्रज्ञाने यातून घ्यायचे ते हे, की गार हात-पाय दिसले म्हणून प्रत्येकाला सलाईन धडाधड सोडायचे नसते. आपल्याकडे सलाईनवर लोकांची जी श्रद्धा आहे ती विंचवाच्या रुग्णाला बुडवू शकते. छातीत दुखले की शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याची पद्धतही अशीच. बीपी आधीच खाली गेलेले असेल तर ती गोळी घात करते. अ‍ॅस्पिरिन चावून खायला देणे, रक्तस्रावाचा किंवा अ‍ॅलर्जीचा इतिहास नसेल तर, त्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे.

आता थांबायचे की निघायचे? या कामातला मला सर्वांत गंभीर वाटणारा निर्णय हाच आहे. जमलेल्या गर्दीला एकच कळते, "गाडीत टाका आणि पळवा!" पोटात किंवा छातीत रक्त जात असेल तर गर्दीचे बरोबर आहे. ते रक्त शस्त्रक्रियेच्या टेबलावरच थांबते, रस्त्यावर सलाईनची नस शोधण्यात घालवलेली दहा मिनिटे रुग्णाच्या हिशेबातून जातात. पण हृदय बंद पडलेला माणूस घेऊन पळालात तर तो गेलाच. धावत्या गाडीत, वळणा-वळणाच्या घाटात, मिनिटाला १०० ते १२० या गतीने आणि ५ ते ६ सेंटिमीटर खोल छाती दाबणे कोणालाही जमत नाही. विजेचा झटका देण्याजोगी लय असेल तर तो द्यायला उशीर झालेल्या प्रत्येक मिनिटामागे, छातीही दाबली जात नसेल तर, जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. त्याचे रुग्णालय म्हणजे ती खोली, आणि त्याचा अतिदक्षता विभाग म्हणजे तंत्रज्ञाची पेटी. उष्माघाताचेही हेच. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात अंगाला हात लावला तर चटका बसावा असा बरळणारा मजूर सापडला, तर आधी त्याला पाण्याने चिंब करा, वारा घाला, बर्फ लावा, मग हलवा. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या भर उन्हातल्या सोहळ्यात माणसे गेली, तेव्हापासून आयोजक पाण्याच्या बाटल्यांचा विचार करू लागले आहेत. गार पाण्याने भरलेल्या टाकीचा विचार अजून कोणी करताना दिसत नाही.

उपचार रुग्णापर्यंत न्यायचा, ही कल्पनाही तशी अलीकडची आहे. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, तेव्हा त्या देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत होते. कारण सरळ होते, आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्याकडेच असे. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये फ्रँक पॅन्ट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे डिफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत चढवून हृदयरुग्णाच्या घरी पाठवले. आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोंडाने श्वास देण्याची पद्धत शास्त्रीय पायावर उभी करणारे पीटर सफार त्यामागे होते. त्यांची स्वतःची लहान मुलगी आदल्याच वर्षी दम्याने गेली होती. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतल्या, नोकरी न मिळणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना त्यांनी कसून शिकवले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय संचालक झाल्या आणि तिथला अनुभव त्यांच्या पाठ्यपुस्तकातून जगभर गेला. शहराने मात्र १९७५ मध्ये ती सेवा बंद करून स्वतःची सुरू केली आणि या तरुणांपैकी बहुतेकांना हळूहळू बाहेर ढकलले. अभ्यासक्रम घेतला, माणसे सोडली.

फ्रीडम हाउसची आठवण मुद्दाम काढली, कारण आपल्याकडचा वाद उलटा आहे. हैदराबादमध्ये २००५ साली सुरू झालेल्या १०८ या रुग्णवाहिका सेवेची गाडी महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये धावू लागली. ९३७ रुग्णवाहिका, त्यांतल्या २३३ प्रगत साधनांच्या. इतर राज्यांनी गाडीत तंत्रज्ञ बसवले, महाराष्ट्राने डॉक्टर बसवले, बहुतांशी आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचे पदवीधर. लोकांना "डॉक्टर आले" याचा धीर वाटतो, हे खरे. पण पदवी कुठलीही असो, तिच्यात उलट्या पडलेल्या रिक्षातून माणूस बाहेर कसा काढायचा हे शिकवलेले नसते. ती वेगळी विद्या आहे, वेगळीच शिकावी लागते, आणि पिट्सबर्गच्या त्या पोरांनी ती पदवीशिवाय शिकून दाखवली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय कायद्यात आपत्कालीन तंत्रज्ञाचा व्यवसाय म्हणून उल्लेख आला. नोंदणी, पगार आणि बढतीची शिडी यांवर तो केव्हा उतरतो ते बघायचे. हे पुस्तक गाडीतल्या डॉक्टरांनीही वाचावे, कमीपणा मानू नये.

कायद्याची भीती हा आपल्या रस्त्यांवरचा आणखी एक रोग. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले की पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार अडवता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १३४ अ ने मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले. तंत्रज्ञाने हे दोन संदर्भ पाठ ठेवावेत, कारण घटनास्थळी पहिला हात वाटसरूचाच असतो, आणि तो हात मागे घेतला जाऊ नये म्हणून त्याला तिथल्या तिथे दोन वाक्यांत धीर द्यावा लागतो.

रुग्णालयाच्या दारात काय सांगायचे यावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, ते योग्यच झाले. अर्धांगवायूच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते तास मोजायचे कधीपासून, तर माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. झोपेतून उठताना हात लुळा सापडला असेल तर घड्याळ रात्री झोपताना सुरू झाले. ही वेळ घरातल्या सुनेला माहीत असते, आणि ती गाडीत बसलेली नसते. म्हणून तिचा मोबाइल नंबर घेऊनच निघायचे. औषधे काय दिली, कितीला, आधी किती शुद्ध होती आणि आता किती, हे तीस सेकंदांत सांगता आले पाहिजे आणि कागदावरही राहिले पाहिजे.

एका गोष्टीवर मात्र लेखकाने आणखी लिहायला हवे होते. रुग्ण आत गेला की तंत्रज्ञाला पुढचे काहीच कळत नाही. ज्याला त्याने गॅसचा त्रास समजून बसवून आणले त्याला अटॅक होता का, ज्याच्या मानेला त्याने पट्टा बांधला त्याच्या मानेचे हाड खरेच मोडले होते का, हे त्याला कोणी सांगत नाही. मग वर्षानुवर्षे काम करूनही त्याचा अंदाज सुधारायचा कसा? रुग्णालयांनी अंतिम निदानाची एक ओळ, रुग्णाचे नाव न लिहिता, गाडीच्या नोंद क्रमांकावर परत पाठवली तर पुरे आहे. त्याला नवे यंत्र लागत नाही आणि निविदाही काढावी लागत नाही. अपघात विभागातल्या एका कारकुनाला दिवसाअखेर अर्धा तास द्यावा लागेल. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्या ओळीसाठी एक नमुना अर्ज जोडावा, अशी लेखकाला माझी विनंती आहे.